गोचीड आणि करडईचं तेल

जनावरं पाळलेल्या माणसाला गोचीड सांगावी लागत नाही. बैलाच्या कानामागं बसलेली असते. हळू हातानं काढली तर निघते, झटका दिला तर आणखी रुतते. उंच इमारतीवर दोराला लटकून काम करणारी आम्ही माणसं छातीशी जे एक यंत्र अडकवतो, त्याचं नाव मी गोचीड ठेवलं. कंपनीच्या कागदावर त्याचं इंग्रजी नाव हातभर लांब आहे. ते मला कधी म्हणता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. पण मी ठेवलेलं नाव चाललं. आज आमच्या कामातले बरेच जण त्याला गोचीडच म्हणतात, याचा मला अभिमान आहे. अभिमान ही माझी जुनी खोड.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन दोर असतात. एका दोरावर आपण बसतो, खाली सरकतो, काम करतो. तो कामाचा दोर. दुसरा शेजारी मोकळा सोडलेला असतो, त्यावर वजन नसतं. तो जिवाचा दोर. गोचीड जिवाच्या दोरावर बसते. तिच्यात एक दातेरी चाक असतं. आपण हळूहळू खाली गेलो की चाक फिरत फिरत खाली येतं, वर चढलो तर वर येतं. पण कामाचा दोर दगा देऊन आपण एकदम खाली निघालो, की त्या झटक्यासरशी चाक अडकतं आणि दोराला चावतं. गोचीड आणि आपल्या छातीवरचा पट्टा यांच्या मध्ये एक घडी घालून शिवलेली पट्टी असते. झटका मोठा असला तर तिचे टाके उसवत जातात, म्हणजे अंगाला हिसका कमी बसतो. एवढीच गोष्ट. एवढ्याशा गोष्टीवर माणूस सात मजल्यांवरून संध्याकाळी घरी जातो.

मी मूळचा कन्नड तालुक्यातला. शाळा तिसरीपर्यंत. तिथं मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली जन्मतारीख आजपर्यंत माझ्या अंगावर आहे, त्यामुळं वय काढायचं झालं की मी कागदाकडं बघतो आणि घरची माणसं माझ्याकडं बघतात. कागदाप्रमाणं साठी ओलांडली आहे. मिसरूड फुटायच्या सुमारास मी विहिरीतला गाळ काढायच्या कामावर लागलो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की दोरानं खाली उतरायचं, टोपल्यात गाळ भरून वर द्यायचा. वरच्या माणसाचा एकच हुकूम असायचा. दगड सुटला, टोपलं निसटलं, काहीही बिघडलं तरी तो ओरडायचा, "धर." आणि आपण दोन्ही हातांनी दोर आवळून भिंतीला चिकटायचं. धर हा शब्द माझ्या कानातून आत गेला आणि हातात जाऊन बसला. पुढं चाळीस वर्षं तो तिथंच होता.

शहरात आलो तो रंगकामावर. काथ्याचे दोन दोर, मधी एक फळी, त्याला आम्ही झुला म्हणायचो. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातानं दोर धरलेला. कमरेला जास्तीचा दोर बांधणाऱ्याला आम्ही नवरी म्हणून चिडवायचो. मी कधी पडलो नाही. न पडणं ही माझी हुशारी आहे असं मी धरून चाललो होतो. जे पडले ते माझ्याहून कमी हुशार होते, असं मात्र आता म्हणवत नाही.

झुल्यावरचा माझा जोडीदार सिल्लोडचा. धंद्यानं काच बसवणारा, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षं लहान. तो मला मामू म्हणतो, मी त्याला मियाँ. झुला एका बाजूला कलला तर दोघंही जाणार, त्यामुळं आमचं भांडण कधी दुपारच्या पुढं टिकलं नाही. मग झुले बंद होत गेले. काचेच्या इमारती आल्या, आणि त्यांच्या मालकांना दोन दोरांवर काम करणारी, परीक्षा दिलेली माणसं लागायला लागली. आम्ही दोघांनी अशा एका कंपनीत नाव घातलं.

तिथं शिकवायला आणि कामावर देखरेख ठेवायला एक बाई होती. लासूर स्टेशनकडची, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. सगळे तिला मॅडम म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो, पण मनातल्या मनात म्हणायचो की हिच्या जन्माच्या आधीपासून मी दोरावर आहे.

पहिल्याच दिवशी तिनं मला गोदामातल्या लोखंडी चौकटीला लटकवलं. जमिनीपासून दोन-अडीच पुरुष उंच, खाली गाद्या टाकलेल्या. दोन्ही दोर बांधले, गोचीड बसवून दिली आणि म्हणाली, "बाबा, आता मी तुमचा कामाचा दोर सोडणार. तुम्ही काहीच करायचं नाही."

काहीच करायचं नाही, यापेक्षा सोपं काम कुणी सांगितलं नसेल. तिनं दोर सोडला आणि माझा डावा हात आपोआप वर गेला. गोचीड मुठीत आवळून मी सुर्रकन खाली आलो आणि गादीवर बसलो. गोचीड मुठीतच होती. मियाँ खांबाला धरून हसत होता.

"बाबा, हात कुठं होता?"

"दोराला धरलं."

"दोराला नाय, यंत्राला धरलं. तुम्ही मुठीत धरलं की ते तुमच्यासंगं खाली येतं, त्याला चावायला सवडच मिळत नाही. त्याला झटका बसू द्या."

मी म्हणालो, "पडताना माणूस धरणार नाही तर काय करणार?"

"सोडणार," ती म्हणाली.

असली शिकवण मी जन्मात ऐकली नव्हती. दिवसभरात तिनं मला सहा वेळा सोडलं आणि सहाही वेळा मी गोचीड आवळली. माझं मला कळायच्या आत हात जायचा. दुसऱ्या दिवशी तिनं उकडलेली नाही, कच्ची अंडी आणली आणि म्हणाली, एक डाव्या हातात ठेवा, फुटू द्यायचं नाही. मी माळकरी माणूस. अंड्याला हात लावणार नाही म्हणून अडून बसलो. ती वाद न घालता निघून गेली आणि थोड्या वेळानं नाक्यावरून पिकलेले टमाटे घेऊन आली. चौकटीला लटकायचं, डाव्या तळव्यावर टमाटा अलगद ठेवायचा, आणि तिनं दोर सोडला तरी तो फुटला नाही पाहिजे.

त्या आठवड्यात किती टमाटे फुटले ते विचारू नका. घरी बायको, आमची म्हातारी, शर्ट धुताना रोज विचारायची, तुम्ही दोरावर काम शिकताय का कुणाच्या लग्नात आचारी म्हणून जाताय. मियाँला दोन दिवसांत जमलं. मला दहा दिवस लागले. दहाव्या दिवशी दोर सुटला, मी वीतभर खाली गेलो, गोचीड चावली, मी लटकलो, आणि टमाटा तळहातावर तसाच होता. मॅडमनं तो माझ्या हातातून घेतला, पुसला आणि खाल्ला. शाबासकी देण्याची ती पद्धत मला आवडली होती, पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

बाकीचं शिकायला सोपं होतं. गोचिडीवरचा बाण वरच्या बाजूला ठेवायचा. उलटी बसवली तर ती चावत नाही. ती खांद्याच्या वर राहिली पाहिजे, खाली लोंबत राहिली तर पडायचं अंतर वाढतं. जमीन किंवा छज्जा जवळ असला तर आधी अंतर बघायचं, कारण टाके उसवायलाही जागा लागते. आणि रोज, दर वेळी, दोरावर बसवली की कठड्यावरून खाली जायच्या आधी हातानं एकदा जोराचा हिसका मारून बघायचा. चावली तर जायचं, नाही तर नाही. हे शेवटचं मला पटायचं नाही. रोज सकाळी उठून बायकोला विचारावं, तू माझीच बायको ना, तसं ते वाटायचं. मी करायचो, पण वरवर, मॅडम बघत असेल तेव्हा.

पुढं एका पावसाळ्यात वाळूजच्या बाजूला एका कारखान्याच्या उंच टाकीवर आम्ही रंग खरवडत होतो. जेवण करून वर आलो. कामाच्या दोरावर खाली उतरायचं जे यंत्र असतं, त्यात मी दोर उलटा ओवला. पोट भरलेलं, तोंडात सुपारी, मियाँशी काहीतरी बोलणं चाललेलं. नुसता मागं रेललो आणि दोर हातातून पळाला.

विचार करायला वेळ कुठला. आभाळ तेवढं दिसलं. मग छातीवर हिसका बसला, कानाशी टरटर टाके उसवल्याचा आवाज आला, आणि मी टाकीच्या पत्र्याला एकदा आपटून लटकत राहिलो. डावा हात मी नंतर पाहिला. तो उघडा होता, बोटं पसरलेली. त्या हातानं त्या दिवशी माझं ऐकलं नाही, मॅडमचं ऐकलं, म्हणून मी हे लिहायला आहे.

मियाँनं येऊन मला सोडवलं. खाली आल्यावर पाण्याची बाटली हातात देत म्हणाला, "मामू, आगे से सुपारी नीचे खाने की, ऊपर नक्को."

मॅडमनं दोन गोष्टी केल्या. जिनं मला झेललं ती गोचीड आणि ती उसवलेली पट्टी टेबलावर ठेवली आणि पट्टी कात्रीनं कापून टाकली. एकदा झटका खाल्लेली वस्तू पुन्हा कुणाच्या अंगावर जाता कामा नये, असं तिनं सांगितलं. मला ते लागलं. जिनं जीव वाचवला तिला दुसऱ्या दिवशी भंगारात घालायचं, ही कुठली रीत? मी ती गोचीड घरी देवाजवळ ठेवायला मागितली. नाही म्हणाली. चुकून कुणी कामावर नेली तर?

दुसरी गोष्ट म्हणजे आठ दिवस मला खाली बसवलं आणि मग माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाली, "बाबा, ही तुमची एक चूक. आणखी एक झाली तर दोर बंद. मग मी पण काही करू शकणार नाही."

मी मान हलवली. पण मनात एकच होतं. मी विहिरीत उतरलो माझ्या मर्जीनं, झुल्यावर चढलो माझ्या मर्जीनं. दोरावरून उतरीन तेही माझ्या मर्जीनं, कुणी उतरवलं म्हणून नाही. हे मी घरी म्हातारीला सांगितलं, मियाँला सांगितलं, नाक्यावरच्या चहावाल्यालाही सांगितलं होतं. त्यामुळं आता ते खरं करून दाखवणं भाग होतं.

दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आम्ही झुल्यावर होतो तेव्हा ब्रश आणि दोर पुजायचो. त्या वर्षी मला मनापासून पूजा करायची होती. जिनं मला झेललं तिला मी धन्यवाद देऊ शकलो नव्हतो. तिच्या बहिणी तरी गोदामात होत्या.

सामान कपाटात कुलूपबंद असायचं. मी मॅडमकडं चावी मागितली. ती सणाला लासूरला निघाली होती, पिशवी खांद्यावर होती. तिनं थोडा विचार केला आणि चावी माझ्या हातात दिली. जाता जाता दारातून म्हणाली, "बाबा, फुलं ठेवा, हात जोडा. तेल-कुंकू लावू नका यांना."

मी ऐकलं. चांगलं ऐकलं. आणि ती गेल्यावर स्वतःशी म्हणालो, पोरगी शहरात शिकलेली, हिला काय माहीत. बिनतेलाची पूजा असते का? आणि लोखंडाला तेल वाईट कसं असेल? आमचा बाप विळ्याला तेल लावून ठेवायचा, दोन पिढ्या विळा गंजला नाही.

पाट मांडला, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं. दोर, टोप्या, पट्टे, आणि पुढं ओळीनं चार गोचिडी. घरून वाटीत करडईचं तेल नेलं होतं, गावाकडच्या घाण्यावरचं. अंगठा बुडवून एकेका चाकाला लावला आणि चाक फिरवून तेल आत मुरवलं. वर हळद, कुंकू. चाकं काय मऊ फिरायला लागली म्हणून सांगू. आधी करकरायची, आता आवाज नाही. मला वाटलं, बघ, हिलाही बरं वाटलं. मियाँची गोचीड वगळावी का, असं एकदा मनात आलं. मग म्हणालो, गोचिडीला कसली जात? आणि जी त्याला सांभाळते तिला मी उपाशी ठेवणार? तिलाही लावलं. दोन थेंब जास्तच लावले. झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला, सगळं पुसून परत कपाटात ठेवलं. वरवरचं कुंकू फडक्यानं पुसलं गेलं. आतलं आतच राहिलं.

सण संपल्यावर आम्ही जालना रोडवरच्या एका काचेच्या इमारतीवर गेलो. सात मजले, दिवाळीच्या आत काचा धुवून हव्या होत्या. ऊन कोवळं होतं. मी आणि मियाँ आधी गच्चीवर पोहोचलो, दोर बांधून खाली सोडले. मॅडम खाली वॉचमनला रस्त्याच्या बाजूला दोरी लावायला सांगत होती. मी माझी गोचीड दोरावर बसवली. हिसका मारला नाही. चार दिवसांपूर्वी पुजलेली वस्तू, तिच्यावर लगेच संशय घ्यायचा म्हणजे काय?

मियाँनं त्याची बसवली. कठड्याला टेकून उभा राहिला आणि सवयीनं खाली हिसका मारला. गोचीड दोरावरून दोन हात खाली घसरली आणि मग कशीबशी थांबली. त्यानं पुन्हा वर घेतली, पुन्हा हिसका मारला. पुन्हा घसरली. पांढऱ्या दोरावर तिच्यामागं एक लालसर पट्टा उमटला होता.

तो त्या पट्ट्याकडं बघत राहिला. दोर बोटांनी चोळला आणि बोटं नाकाशी नेली. वीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्लेला माणूस तो.

"मामू," तो हळू म्हणाला, "ये तो तुम्हारे घर का करडी का तेल है."

मी त्या दोन हातांच्या अंतराकडं बघत होतो. हिसका हाताचा होता म्हणून दोन हात. माणसाच्या वजनाला किती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी माझ्याही गोचिडीला हिसका मारला. तीही सरकली.

मियाँनं खिशातलं फडकं काढून माझ्या हातात कोंबलं. "पोंछ डालो. मॅडम सीढ़ी पे है. चारों पोंछ डालो, मैं कुछ नहीं बोलता."

मी एक पुसायला घेतली. वरचं तेल फडक्याला लागलं, पण चाकाच्या दातांत हळद-कुंकवाचा चिखल बसला होता, तो निघेना. नखानं कोरलं, तरी निघेना. जिन्यावर मॅडमच्या पावलांचा आवाज येत होता. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी लपवत नाही. ही दुसरी चूक. दोर बंद. चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पुसून टाक, आजचा दिवस जपून काढू, संध्याकाळी गोदामात रॉकेलनं धुऊ.

आजचा दिवस जपून काढू, हे कुणाच्या जिवावर? कठड्याशी मियाँ उभा होता. मी गप्प राहिलो असतो तर तो गप्प राहून त्याच दोरावरून खाली गेला असता. तो तसाच आहे. माझ्या चुकीसाठी त्यानं तोंड बंद ठेवलं असतं आणि त्या घसरणाऱ्या गोचिडीवर लटकला असता. हे मला कळलं आणि मुठीत आवळलेलं फडकं मी खाली टाकलं.

मॅडम वर आली. मी म्हणालो, "आज कुणी खाली जायचं नाही. चारही गोचिडींना मी तेल लावलंय."

तिनं गोचिडी उचलल्या. एकेक हातात घेऊन पाहिली, चाक फिरवलं, बोट लावून पाहिलं. दोरही पाहिला. मग आम्हा दोघांना कठड्यापासून मागं घेतलं, चारही गोचिडी आणि तेल लागलेले दोन्ही दोर वेगळ्या पोत्यात भरले, पोत्याला गाठ मारून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, वापरू नये. एवढं वाचायला मला येतं.

दुपारी कंपनीचे मालक आले. दिवस वाया गेला होता, इमारतीवाले चिडले होते. मालक माझ्याकडं वळलेच नाहीत, तिला विचारलं, कपाटाची चावी कुणी दिली? ती म्हणाली, मी दिली. मालक म्हणाले, मग जबाबदारी तुमची, असल्या माणसाच्या हातात चावी देणारं कुणी देखरेखीला मला नको.

ती खाली मान घालून उभी होती. दारातून मला काय सांगून गेली होती ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं, तिलाही आठवत असणार. पण 'मी यांना बजावलं होतं' एवढं एक वाक्य तिनं तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर ती सुटली असती आणि मी अडकलो असतो. तिनं काढलं नाही.

मग मी पुढं झालो. म्हणालो, "साहेब, तिनं मला तेल लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं आणि तरी लावलं. तिची चूक एवढीच, की माझ्यावर भरवसा ठेवला. ती चूक माझ्या नावावर धरा."

मालकांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मियाँही पुढं आला आणि म्हणाला, हौ साब, सच बोल रहा बुड्ढा. मालक बराच वेळ बोलले, त्यातलं मला एवढंच कळलं की मॅडमची नोकरी राहिली आणि माझा दोर गेला.

मी पट्टे उतरवून तिच्या हातात दिले, टोपी तेवढी डोक्यावरच घरी आली. ज्या मर्जीच्या गोष्टी मी गावभर सांगितल्या होत्या त्यातली काही उरली नाही. मला उतरवलं गेलं. हे असंच घडलं, आणि दुसऱ्या कुणी वेगळं सांगायच्या आत मीच लिहून ठेवतो.

घरी पंधरा दिवस बसलो. चहाच्या नाक्यावरून जाणं टाळायचो. चार दिवसांनी एका सकाळी म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्षं मी देवाला एकच मागायचे, माणूस संध्याकाळी धडानं घरी आण. त्यानं आणला. आता तोंड पाडून कशाला बसलाव?" इतकी वर्षं मी वर कठड्यावरून खाली बघत होतो, तेव्हा ती खालून वर बघत होती, हे मला साठीत समजलं.

दिवाळीनंतर मॅडम घरी आली. म्हातारीनं तिला फराळ दिला. ती म्हणाली, "बाबा, गच्चीवर एक माणूस लागतो. खाली जायच्या आधी प्रत्येकाची तपासणी करायला. मालकांना मी विचारलंय."

मी म्हणालो, "दोरावर नाय?"

"दोरावर नाय. वरच."

"म्हणजे बसून राहायचं. ते काय काम आहे?"

ती चकली मोडत राहिली. मग म्हणाली, "माझी गोचीड पण तुम्हीच ओढून बघायची."

त्या दिवसापर्यंत तिनं ते इंग्रजी नावच वापरलं होतं. एवढी वर्षं मी ज्याला गोचीड म्हणायचो त्याला ती माझ्यासमोर कधी गोचीड म्हणाली नव्हती. मी म्हातारीला म्हणालो, पट्टे नकोत, पण टोपी कुठं ठेवलीय बघ.

आता मी गच्चीवर असतो. सकाळी सगळं सामान ओळीनं मांडतो. चाकात कचरा आहे का बघतो, असला तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडतो. पट्टीचे टाके बघतो. बाण बघतो. जिच्यावर जराही शंका आली ती बाजूला काढतो आणि मॅडमला देतो, स्वतःची अक्कल लावत नाही. खंडेनवमीला झेंडू वाहतो, तोही पाटावर, गोचिडीपासून चार बोटं लांब.

मियाँ मला अजून सोडत नाही. कठड्याशी उभा राहतो, छाती पुढं काढतो आणि म्हणतो, "खींचो मामू. तेल-बिल नहीं लगाया ना?" मी म्हणतो, तुझ्या नशिबात करडईचं तेल कुठलं, आणि जोरानं हिसका मारतो. गोचीड जागच्या जागी चावते. मी दुसऱ्यांदा मारतो. पुन्हा चावते. मग मी त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि बाजूला होतो.

तो मागं रेलतो आणि काचेवरून खाली सरकायला लागतो. गोचीड त्याच्या खांद्याच्या वर, त्याच्या मागोमाग निघते. कठड्यावर वाकून मी ती नजरेआड होईपर्यंत बघत राहतो. हात मागं बांधलेले असतात.